नऊ हातांवरचे दाणे

शेषराव पेवात पडला, अशी बोंब उठली तेव्हा जमादार चंद्रभान तायडे आसरखेडच्या चावडीत एका समन्सावर कोतवालाचा अंगठा घेत होता. शाई लावलेला अंगठा हवेतच राहिला. जमादार टोपी सावरत पळाला आणि त्याच्यामागं सगळं गाव.

सन सहासष्टचा वैशाख होता. सलग दुसऱ्या वर्षी ज्वारी बुडालेली. अकोल्यात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळत होता आणि त्याची भाकर थापताना बाया देणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारत होत्या. आसरखेडची मदार मात्र गावपेवावर होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आतलं पोट मोठं. चांगल्या सालात बत्तीस घरांनी आपापला वाटा त्यात टाकायचा, तोंड पांढऱ्या मातीनं लिंपायचं आणि वाईट साल आलं की उघडायचं. ते आज पहाटे उघडलं होतं, आणि दाणे काढायला उतरलेला पहिलाच माणूस वर आला नव्हता.

पेवाच्या तोंडाशी गर्दी नुसती वाकून वाकून बघत होती. शेषरावचा चुलतभाऊ धोतर खोचून आत उडी घ्यायच्या बेतात होता. चंद्रभाननं त्याला मानगुटीला धरून मागं ओढलं. बंद पेवात दाणे हवा नासवतात, ती जड हवा खाली बसून राहते, आणि एकाला काढायला दुसरा उतरला की दोघांची मयत होते. हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं, पण घाबरलेल्या माणसाचं शहाणपण आधी पळतं.

त्यानं निंबाचे डगाळे तोडायला लावले. त्यांची मोठी मोळी दोराला बांधून पेवात खाली-वर, खाली-वर हलवायला चार माणसं लावली. वरून बादल्यांनी पाणी मारलं. हवा ढवळली पाहिजे, एवढंच तो ओरडून सांगत होता. मग विहिरीतल्या बादल्या काढायचा गळ आणवला आणि दोर स्वतः सोडला. विहिरीवर वाढलेल्या माणसाचे हात दोर सोडताना आपोआप मोजतात. नऊ हातांवर गळ टेकला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा शेषरावच्या कमरेच्या दोरात अडकला.

आठ जणांनी ओढून त्याला वर घेतलं. ओठ निळे, डोळे उलटे, गालाला ज्वारीचे दाणे चिकटलेले. पण छाती हलत होती. बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि तिथून सरकीच्या ट्रकमध्ये घालून त्याला अकोल्याच्या दवाखान्यात धाडलं. त्याची बायको चतुराबाई पायात चपला न घालताच गाडीत चढली.

मग गावाला रागवायला वेळ मिळाला. शेषरावचा दोर धरला होता देवमननं, आणि तो दोर त्याच्या हातून सुटला होता. होळीच्या सुमारास दोघांचं शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, भांडण झालं होतं आणि "तुले पाहून घेईन" असं देवमन भर बाजारात बोलला होता. आणखी काय पाहिजे? सरपंच किसनरावांनी तिथंच फैसला सांगितला. देवमनला चावडीत बसवा, फौजदाराला अकोल्याहून बोलवा. शिवाय पेवानं माणूस गिळला, ते बाटलं. माणूस गिळलेल्या पेवाचे दाणे गाव खात नाही, ते मातीनं बुजवून वर दगड ठेवायचा, असा वाडवडिलांचा रिवाज. परवा सकाळी बुजवून टाकू, असं ठरलं.

देवमनच्या बाजूनं बोलला तो फक्त पुंजाराम. सत्तरीचा म्हातारा, पाच गावांतला पेवाचा जाणता. पेव कधी भरायचं, कधी उघडायचं, हे तोच सांगणार. दर दिवाळीनंतर तोंडाची माती नव्यानं लिंपायची तीही त्यानंच. तेव्हा तीन दिवस तो एकटा पेवाजवळ मुक्काम करी आणि तिकडं कोणी फिरकत नसे. पागोटं मांडीवर घेऊन तो डोळे पुसत होता.

"लेकराले दोष देऊ नका," तो म्हणाला. "म्या सोता कंदील सोडला. चार हातावर दान्यावर टेकला, जयत जयत वर आला. हवा साफ होती. मंग पोराच्या हातून दोर सुटला असन. मानूस हाय, सुटते."

चंद्रभानला म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. आसरखेड हे त्याचं आजोळ, पुंजाराम त्याचा मानलेला मामा. छप्पनच्या दसऱ्याला बौद्ध वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि गावानं त्यांचं पाणी तोडलं, तेव्हा आपल्या मळ्यातल्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देणारा एकटा पुंजाराम होता. चंद्रभानची आजी मरेपर्यंत त्या विहिरीचं पाणी प्याली. देवमनही त्याच वस्तीतला. त्यामुळं जमादार आपल्या माणसाला पाठीशी घालतो की काय, अशी कुजबुज त्याच्या पाठीमागं लगेच सुरू झाली. त्यानं ती ऐकली आणि गिळली.

चावडीत देवमन भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा गडी, मुठी आवळलेल्या.

"दोर किती सोडला होता?" चंद्रभाननं विचारलं.

"चार हात."

"मंग?"

"मंग पुंजारामकाकानं तोंडाशी वाकून आवाज देला, टेकला म्हनून. मी पकड सैल केली. आन् एकदम समदा भार आला."

"टेकला होता, त भार कसा आला?"

"थेच त मले समजून नाई राह्यलं, साहेब."

"हात दाखव."

देवमननं मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. चंद्रभाननं ते हात उजेडात धरले. ज्याला दोर सोडून द्यायचा असतो तो बोटं उघडतो आणि मोकळा होतो. या माणसानं धावत्या दोराला शेवटचं टोक निसटेपर्यंत धरून ठेवलं होतं.

"दोर दरसाल एकटाच धरते काय?"

"नाई, दोघं धरतात. औंदा काका म्हनले, चार हाताले दोघं कायले पायजेत? देवमन, तूच धर."

"आन् पेव उघडून एक दिवस तसंच ठेवतात ना?"

"ठेवतात. पन कंदील जयत वर आला, त काका म्हनले थांबाची गरज नाई. लोक भुकेले हायत."

पुंजाराम त्याच्यासाठी भाकर घेऊन आला होता, हेही देवमननं सांगितलं. घाबरू नको, मी हावो ना, असं म्हणाला होता. या गावात आपल्याला एवढा एकच माणूस आहे, असंही तो म्हणाला.

कोपऱ्यात तो पेवाचा कंदील टांगला होता. संध्याकाळी कोतवालानं तो पेटवायला खाली काढला तेव्हा चंद्रभाननं सहज हातात घेतला. तळाशी रॉकेल झिरपून बूड चिकट झालं होतं. बोटाला रॉकेल लागलं. बाकी काही नाही. त्यानं बोट खाकी चड्डीला पुसलं आणि तिकडं फार लक्ष दिलं नाही.

त्याचा संशय त्या वेळी किसनरावांवर होता. सरपंचाच्या कोठ्यात स्वतःची शंभर पोती ज्वारी होती. गावपेव बुजलं की बत्तीस घरं त्याच्याच दारात येणार, हे सांगायला जोतिषी नको होता. बुजवायची घाईही त्यालाच. पण तो पेवाच्या तोंडाशी नव्हताच. सकाळभर चावडीच्या ओट्यावर चंद्रभानसमोर बसून पान चघळत होता.

दुसऱ्या दिवशी जमादार अकोल्याला गेला. शेषराव डोळे मिटून पडला होता. जगेल, पण शुद्धीवर केव्हा येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. चंद्रभाननं विचारलं, डोक्याला मार किती आहे?

"मार?" डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "साधं खरचटलेलंही नाही. हा माणूस पडून असा झालेला नाही, जमादार. गुदमरून झालाय."

चंद्रभान व्हरांड्यात येऊन उभा राहिला. हवा साफ होती, कंदील जळत वर आला होता, आणि माणूस गुदमरला. या तिन्ही गोष्टी एका पेवात मावत नव्हत्या.

चतुराबाई पायरीवर बसली होती. नवरा आत, आणि तोंडात सारखं पेवाचंच. बाईमाणूस दुःखात भलत्याच गोष्टीला धरून बसतं, तसं तिचं झालं होतं. पेव बुजवणार, म्हणजे आपल्या वाट्याच्या ज्वारीवर माती पडणार. किती निगुतीनं टाकली होती ती! किडा लागू नये म्हणून पेवाच्या वरच्या थरात बिब्बे टाकायचे असतात. आसरखेडची रीत अशी, की दर घरच्या बाईनं आपल्या लुगड्याची चिंधी बिब्ब्याला बांधून टाकायची. बिब्ब्याबरोबर घराचं नावही दाण्यात राहतं. हिनं हिरव्या काठाची चिंधी बांधली होती. केशरबाईनं, म्हणजे देवमनच्या आईनं, पांढऱ्या लुगड्याची. चंद्रभाननं हं हं केलं. त्याचं अर्धं लक्ष डॉक्टरच्या बोलण्यात अडकलं होतं.

दुपारी तो जठारपेठेत गोदाबाईच्या खानावळीत जेवायला बसला. ताटात भाकर पडली ती पांढरी. अकोलाभर लाल मिलो खाणाऱ्यांना पांढरी भाकर म्हणजे सण. त्यानं तुकडा मोडला आणि नाकाशी नेला. आंबूस, दमट, जमिनीचा वास. लहानपणी वाईट सालात आजी अशीच भाकर करायची. पेवातल्या ज्वारीचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही.

पीठ कुठलं, असं त्यानं विचारलं. गोदाबाईनं पदर खोचत सांगितलं, पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवरचं. जयवंता देतो. थोडं वास मारतं, पण गिऱ्हाईक खुश आहे.

जयवंता म्हणजे पुंजारामचा मुलगा.

चंद्रभाननं घास ताटात परत ठेवला. वऱ्हाडात पेवं काय एकट्या आसरखेडला आहेत? असं त्यानं स्वतःला समजावलं. समजावत समजावत तो चक्कीपर्यंत पोचला. जयवंता बाजारात गेला होता. चक्कीवर त्याची बायको कौशल्या बसली होती. तिनं सासऱ्याच्या मानलेल्या भाच्याला ओळखलं, डोक्यावर पदर घेतला आणि चहा ठेवला. चक्कीच्या खिडकीत एक वाडगा होता. त्यात पसाभर बिब्बे.

चाळताना ज्वारीतून निघतात, कौशल्यानं सहज सांगितलं. टाकून कशाला द्यायचे? बिब्बा औषधी. पायाला काटा मोडला, टाच फुटली, की लागतोच. दर बिब्ब्याला चिंधीचा तुकडा बांधलेला आहे, हे तिला काही विशेष वाटलं नव्हतं. ती पातुरकडची. आसरखेडची रीत तिला कोणी सांगितली नव्हती, आणि ज्यांना ठाऊक होती त्यांनी बायकांच्या वाडग्यात कशाला डोकवावं?

चंद्रभाननं ते बिब्बे रुमालात बांधून मागून घेतले. चहा तसाच राहिला. मोर्णा नदीच्या पुलावर तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याला खरंच रडू आलं. छप्पन सालापासून ज्या माणसाला त्यानं मनात देव्हाऱ्यात बसवलं होतं, तो माणूस हा असा. आपण चुकत असलो तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण पोलिसातल्या माणसाला आपण कधी चुकत नाही आहोत हे कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गावात उतरला तेव्हा पेवाभोवती फावडी घेऊन माणसं जमली होती. मातीचे ढीग तयार होते. देवमनला दोन कोतवालांमध्ये आणून बसवलं होतं. फौजदार साडेदहापर्यंत येणार होता. चंद्रभानला पाहताच लोकांनी गराडा घातला. कसा हाय? जगते काय? असं जो तो विचारत होता. पुंजाराम मागून काठी टेकत आला.

"बोलला काय?" त्यानं विचारलं.

"अजून नाई, मामा."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मागं सरला. चंद्रभाननं हात वर करून फावडी खाली ठेवायला सांगितली. किसनराव उखडले. रिवाजात पोलिसानं पडू नये, म्हणाले. चंद्रभान म्हणाला, पडत नाही. फक्त एकदा कंदील सोडून पाहायचा आहे. मामांनी परवा सोडला तसाच.

पुंजारामनं कंदील पेटवला. त्यानं दोर सोडला. एक, दोन, तीन, चार. थांबला.

"टेकला?" चंद्रभाननं विचारलं.

म्हाताऱ्यानं दोर घट्ट धरला.

"टेकला असन त दोर ढिला पडला पायजे, मामा. हा त तानलेला हाय."

त्यानं दोर पुंजारामच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं मोजत सोडायला सुरुवात केली. पाच, सहा, सात. लोक पुढं झुकले. आठ. नऊ. दोर ढिला पडला. त्यानं कंदील वर ओढला आणि उलटा करून दाखवला. चिकट बुडाला ज्वारीचा कोंडा आणि दोन दाणे लागले होते.

"परवा संध्याकाळी हाच कंदील म्या हातात घेतला होता," तो म्हणाला. "बूड साफ होतं. तवाच मले समजाले पायजे होतं. परवाचा कंदील दान्यावर टेकलाच नाई. तो चार हातावर हवेत लटकला होता. तिथं वरची हवा बरी, तो जयत राह्यला. खराब हवा त्याच्या खाली होती."

गर्दीत कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला असेल.

"अंदाज चुकला असता, त मामा ओरडले असते," चंद्रभान म्हणाला. "पेव भरलं तवा दाने चार हातावर होते, हे बत्तीस घरांनं पाह्यलं. परवा ते नऊ हातावर होते. इमानदार मानसानं कंदील सोडला असता, चार हातावर टेकला नसता, त त्याचं पयलं बोलनं काय असतं? दाने कुठी गेले, हेच ना? मामा म्हनले, टेकला. जो मानूस दाने नाई हे पाहूनही दाने हायत म्हनते, त्याले दाने नाई हे आधीपासून ठाऊक असते."

चंद्रभाननं बाकीचं भराभर सांगून टाकलं, कारण हळू सांगितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं. माती लिंपायच्या निमित्तानं दिवाळीनंतर तीन दिवस पेवाजवळ एकटं राहायचं. तेवढ्यात तोंड उघडं ठेवून हवा साफ करायची आणि गाडीनं ज्वारी न्यायची. दोन दिवाळ्यांत पाच हात खोल दाणे गेले. यंदा पंचायतीनं पेव उघडायचं ठरवलं आणि म्हातारा अडकला. उतरणारा पहिला माणूस वर येऊन ओरडला की संपलं. तो वर यायलाच नको होता. पेवानं माणूस गिळला की ते बाटतं, बाटलं की बुजतं, आणि बुजलेलं पेव कोणी मोजत नाही. रिवाजच त्याची चोरी झाकणार होता. म्हणून एक दिवस थांबायचं टाळलं, दोघांऐवजी एकालाच दोर दिला, आणि शेषराव अधांतरी असताना वरून हाक मारली, टेकला. देवमननं पकड सैल केली ती त्या हाकेवर.

किसनराव गोंधळले होते. पण बुजवायचं त मीच म्हटलं, असं ते पुटपुटले. मग त्यांनाच आठवलं, की रिवाजाची आठवण त्यांना पुंजारामनं करून दिली होती.

"आन् ज्वारी गेली कुठी, याचा पुरावा हा घ्या," चंद्रभान म्हणाला.

त्यानं रुमाल जमिनीवर पसरला. पसाभर बिब्बे, दरेकाला चिंधी. हे जयवंताच्या चक्कीवरून आणले, एवढंच सांगून तो बाजूला झाला. बायका पुढं आल्या. सुरुवातीला कोणी हात लावेना. मग केशरबाई खाली बसली आणि तिनं एक बिब्बा उचलला. त्याला पांढरी चिंधी होती.

"हा माहा हाय," ती म्हणाली. "दीक्षेले नेसून गेली होती मी, त्या लुगड्याची चिंधी हाय ही. फाटलं तवा ठेवली होती. गावाच्या दान्यात आपलंबी चांगलं काही असावं म्हनून टाकली."

माणिकबाईनं लाल चिंधीचा उचलला. कोणी पिवळ्या काठाचा. हिरव्या काठाचा चतुराबाईचा तिच्या जावेनं ओळखला आणि पदराच्या टोकाला बांधून घेतला. अकरा बिब्बे, अकरा घरं. पेवात असायला हवे होते ते जठारपेठेच्या खिडकीतून परत आले होते. कुंपणानंच शेत खाल्लं, एवढं एकच वाक्य कोणीतरी बोललं आणि तेही दबक्या आवाजात.

पुंजारामनं नाकारलं नाही. तो पेवाच्या काठावर बसला आणि काठी आडवी ठेवली. चक्की बंद पडत होती, म्हणाला. मिलो दळायला कोणी येत नव्हतं आणि जयवंता विष घ्यायच्या गोष्टी करत होता. पुढच्या सुगीला भरून टाकू, असं वाटलं होतं. सुगी आलीच नाही. पुन्हा दिवाळी आली, पुन्हा गाडी जुंपली. शेषराव मरावा असं काही त्याच्याशी वैर नव्हतं. यंदा उतरायची पाळी त्याच्या घराची होती, एवढंच.

"आन् देवमन?" चंद्रभाननं विचारलं. आवाज चढू नये म्हणून त्याला दात आवळावे लागले. "शेषराव मेला असता, त त्याले फाशी झाली असती, मामा."

"नसती होऊ देली. अकोल्याचा वकील पाहून ठेवला होता म्या त्याच्यासाठी."

हे तो खरं बोलत होता. चंद्रभानला त्याच्या तोंडाकडं पाहून कळलं. या माणसानं विहीर दिली तीही खरी होती, चावडीत भाकर नेली तीही खरी, डोळ्यांतलं पाणीही खरं. त्या सगळ्या खऱ्या गोष्टींच्या आडून त्यानं देवमनच्या गळ्यात दोर अडकवला होता. शिवी द्यावी तर ओठावर मामा हाच शब्द येत होता.

सडकेवर जीपचा आवाज आला. कोतवालांनी देवमनला मोकळं केलं होतं, पण तो जागचा उठला नव्हता. आता उठला आणि पुंजारामसमोर जाऊन उभा राहिला. फडक्यात बांधलेले हात त्यानं पोटाशी धरले होते.

"काका," तो म्हणाला, "गावात पन्नास गडी हायत. दोर धराले तुमी माह्यंच नाव काहून घेतलं?"

म्हाताऱ्यानं मान वर केली. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"तुह्यं नाव असलं," तो म्हणाला, "त कोनी पुढचं काही इचारत नाई."

देवमननं मागं वळून गर्दीकडं पाहिलं. किसनरावांनी नजर फिरवली. शेषरावचा चुलतभाऊ फावड्याचा दांडा न्याहाळायला लागला. म्हातारा चोर होता, पण हे मात्र तो बरोबर बोलला होता, आणि तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. दोन दिवस कोणीच काही विचारलं नव्हतं.